हियामनं पिऊन टाकलेली कॉफी

हियामची गाडी मला पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ही उम्म लैस, लैसची आई, मागाहून शहाणपण शिकवते असं कुणी म्हणायला नको. पांढरी, बुटकी, अमेरिकेत कुणीतरी वापरून टाकलेली, झर्काच्या जुन्या बाजारातून आणलेली विजेची गाडी. चालू झाली तरी आवाज म्हणून नाही. पहिल्या दिवशी मी आत बसले आणि ही बया गाडी कधी चालू करते याची वाट बघत राहिले, तोवर आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलो होतो.

आम्ही दोघी अम्मानला एकाच गल्लीत राहतो आणि खाली घोरमध्ये, म्हणजे जॉर्डनच्या खोऱ्यात, शूनाच्या मुलींच्या शाळेत शिकवतो. ती गणित, मी अरबी. अम्मान डोंगरावर, शूना पार तळाशी, मृत समुद्राच्या अलीकडे. रोज सकाळी डोंगर उतरायचा, दुपारी चढायचा, यातच आमची उमर गेली. आधी बसनं जायचो. दोन बसा बदलून घरी येईस्तोवर अंगात त्राण उरायचं नाही. तरी माझं ठीक होतं, घरी सुना आहेत. हियामचं लग्न झालेलं नाही. घरी ती आणि तिची आई, हाज्जा रस्मिया, दोघीच. आईचं काळीज कमजोर झालेलं, जिन्यावरून उतरायलाही डॉक्टरांची बंदी. हियाम शाळेत असली तरी तिचा अर्धा जीव घरी टांगलेला असायचा.

हाज्जानं तिच्याकडून एक वचन घेतलं होतं, माझ्यादेखत. सोफ्यावर पाय वर घेऊन ती घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. म्हणाली, "हे बघ हियाम, माझी वेळ आली की कलमा तू म्हणायचास माझ्या कानात. वस्फी म्हणेल, पण तो घाईघाईत म्हणतो. मला तुझा आवाज पाहिजे."

"आई, शेंगा मोड गुमान," हियाम म्हणाली.

"मोडतेच आहे. तू हो म्हण."

"हो."

एवढंच झालं. पण हियाम एकदा हो म्हणाली की म्हणाली. गाडी घेतली ती त्याच्यासाठी, आईकडे चटकन पोचता यावं म्हणून.

वस्फी म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पेट्रोल इंजिनाच्या पलीकडे त्याला जगात काही दिसत नाही. गाडी आली त्या दिवशी त्यानं तिच्याभोवती एक चक्कर मारली, चाकाला बुटाचं टोक लावलं आणि सगळ्या गल्लीसमोर म्हणाला, "ताई, बॅटरीवर खेळणी चालतात. ही एक दिवस चढावर बसेल, मग मला फोन करशील."

"तुला कशाला करीन?" हियाम म्हणाली.

झालं. त्या दिवसापासून गाडीचं काही म्हणून बिघडलं तरी वस्फीच्या कानावर जाता कामा नये, असा पणच तिनं केला. मी तिला कितीदा म्हटलं, अगं भाऊ आहे तो, जीभ तिखट असली तरी धावत येईल. ऐकेल तर शपथ.

आणि खरं सांगायचं तर गाडीनं तिचे कमी हाल केले नाहीत. घर दुसऱ्या मजल्यावर. रात्री स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर खाली सोडायची, ती पहिल्या मजल्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून जायची, मग पहिल्या मजल्यावरची बाई सकाळी दारात येऊन म्हणायची, "तुमच्या गाडीनं आमच्या चादरी मळवल्या." पूर्ण भरूनही निघायचं नाही, कारण पुढे उतार. उतारावर गाडी आपली आपण भरते, आणि आधीच भरलेली असली तर तिला जागा राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. हे मला हियामनं इतक्या वेळा समजावलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन. उतरताना पडद्यावरचा आकडा वर चढायचा आणि हियामच्या चेहऱ्यावर हसू यायचं. "बघ उम्म लैस, फुकटची वीज." दुपारी चढताना तोच आकडा भराभरा खाली यायचा, आणि मग आमच्या दोघींच्या तोंडाला कुलूप. उन्हाळ्यात एसी बंद, घोरच्या भट्टीत खिडक्या उघड्या टाकून आम्ही घामानं न्हायचो. हिवाळ्यात हीटर बंद, मांडीवर घोंगडी. मी म्हणायचे, "बाई, बसमध्ये निदान माणसांची ऊब होती."

बॅटरी म्हातारी होती, म्हणून चढ चढायचा तर दिवसभर शाळेत गाडी चार्जिंगला लावावीच लागायची. पहारेकऱ्याच्या खोलीतून वायर ओढलेली. त्याच खोलीत चहाचा मोठा समोवार. दोन्ही एकदम लावलं की फ्यूज उडायचा. त्यामुळे मधल्या सुट्टीआधी चहा की गाडी यावरून रोज कुरबूर. बाकीच्या बाया नाक मुरडायच्या, मी हियामची बाजू घेऊन भांडायचे. गाडी आवडत नसली म्हणून काय झालं, मलाही त्याच गाडीत घरी जायचं असायचं.

ज्या दिवशी हे सगळं घडलं त्या दिवशी मी तापानं अंथरुणात होते. हियाम एकटीच गेली. पुढचं तिनं मला नंतर तुटक तुटक सांगितलं, काही शाळेतल्या बायांकडून कळलं, काही ज्याच्या दारात तिची गाडी थांबली त्या अबू हायिलच्या बायकोकडून. सगळं जोडून सांगते.

शाळेत त्या दिवशी तपासणीला साहेब आले होते. साहेब म्हणजे पाहुणे, आणि पाहुण्याला चहा नको का? मुख्याध्यापिकाबाईंनी गाडीची वायर काढायला लावली आणि समोवार लावला. साहेब एक पेला पिऊन थोडेच थांबतात. वायर परत लावायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि वर्गात फळ्यावर समीकरणं लिहिणाऱ्या हियामला कुणी सांगितलंही नाही.

दुपारच्या आधी वस्फीचा फोन आला. "ताई, आई जरा थकलीये. दवाखान्यात आणलंय. तुझी आठवण काढतेय. सुटलीस की ये."

आमच्यात फोनवर असंच बोलतात. माणूस शेवटच्या घटका मोजत असला तरी जरा थकलाय म्हणायचं, ऐकणाऱ्याला वाटेत काही होऊ नये म्हणून. हियामला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ती खडू तसाच ठेवून निघाली.

गाडीत बसल्यावर आकडा दिसला. गणिताची बाई ती, तिला लगेच कळलं की हा आकडा वरपर्यंत पुरायचा नाही. थांबून भरावी तर वेळ जातो. निघाली. वाटेत एकच पंप, आणि त्याच्या चार्जरवर 'बंद आहे' असा कागद कित्येक दिवस चिकटवलेला. हीटर बंद, दिवे बंद, ट्रकच्या मागं मागं हळूहळू. अदसियाच्या चढावर वारा समोरून. अर्धा चढ गेला आणि पडद्यावर पिवळं कासव उमटलं. कासव आलं की गाडी रांगायला लागते, आणि मग केव्हा बसेल ते अल्लाच जाणे.

त्या वळणावर रस्त्याच्या आत एक घर आहे. पुढं अंगण, शेळ्यांचा गोठा, आणि दाराशी उभा एक जुना डिझेल पिकअप. हियामनं गाडी कशीबशी तिथवर नेली. भिंतीच्या उन्हाला अबू हायिल बसला होता. सत्तरीचा बदू माणूस, वाळवंटातल्या टोळ्यांतला, डोक्याला लाल चौकडीचा रुमाल, हातात माळ.

"काका, सलाम. थोडा वेळ वीज मिळेल का? गाडी बसलीये."

"घर तुझंच आहे पोरी. विचारतेस काय?" त्यानं आत हाक मारली, "उम्म हायिल, पाहुणी आलीये."

बैठकीच्या खोलीतल्या प्लगला वायर लावली, खिडकीतून बाहेर काढून गाडीला जोडली. घरातल्या साध्या प्लगावर ती गाडी भरणं म्हणजे चिळकांडीनं हंडा भरणं. तासभर लागेल, हियामनं मनाशी हिशेब केला. तासभरात निघाले तर पोचते. बाहेर थांबते म्हणाली. अबू हायिलच्या कपाळाला आठ्या पडल्या. "माझ्या दारात पाहुणी वाऱ्यात उभी राहील? आत ये."

आत गादीवर बसवलं. म्हाताऱ्यानं स्वतः उठून शेगडीवरची किटली घेतली आणि वेलदोडा घातलेली कडू कॉफी बिनकानाच्या इवल्या कपात ओतून तिच्या हातात दिली.

आता हे ध्यानात घ्या. आमच्याकडे कुणी काही काम घेऊन आला, मागणं घेऊन आला, तर तो कप हातात घेतो आणि न पिता समोर खाली ठेवतो. मग यजमानाला विचारावंच लागतं, बोल बाबा, काय पाहिजे? आणि पाहुणा तेव्हाच पितो जेव्हा यजमान म्हणतो, घे कॉफी, तुझं काम झालं समज. मुलगी मागायला जातात तेव्हा असं, खुनाचं भांडण मिटवायला जातात तेव्हा असं. आणि कप खाली ठेवला नाही तर यजमानानं पाहुण्याला का आलास म्हणून विचारायचं नाही. बदू लोकांत तर अजिबातच नाही. ते लाज काढल्यासारखं होतं.

हियामला हे सगळं माहीत होतं. लहानपणापासून बघितलेलं. पण ते पुरुषांचं, बैठकीतलं, चार वडीलधाऱ्यांना घेऊन जायचं काम. आपण एकटी बाई, हातात वायर, आधीच लोकांची वीज मागून बसलेलो, आपण कप खाली ठेवायचा हे तिच्या डोक्यातही आलं नाही. शिवाय तिला लवकर उरकायचं होतं. तिनं घोटभर कॉफी एका दमात पिऊन टाकली आणि कप हलवून बास म्हणून परत दिला.

अबू हायिलला वाटलं, हिला विजेशिवाय काही नको. निवांत आहे. तो बाहेर गेला आणि त्यानं शेळी कापायला काढली.

उम्म हायिल शेजारी येऊन बसली. मोठी गोड बाई आहे, मी नंतर तिला भेटले. तिनं रीतीप्रमाणे एकेकाची चौकशी केली.

"घरी सगळे बरे?"

"अल्हम्दुलिल्लाह."

"भाऊ बरा?"

"अल्हम्दुलिल्लाह, बरा."

"आई? आई कशी आहे?"

हियाम मला म्हणाली, त्या क्षणी अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण जीभ सवयीची. लोक विचारतात, आपण म्हणतो. "अल्हम्दुलिल्लाह," ती म्हणाली. "बरी आहे."

मला हे ऐकून अंगाचा तिळपापड झाला होता, आजही होतो. अगं, दारात पिकअप उभा. तो म्हातारा अनवाणी धावत जाऊन किल्ली फिरवता. शेळीबिळी सोडून तुला थेट दवाखान्याच्या दारात उतरवता, वाटेतले सगळे ट्रक कापत. एक शब्द. पण तिचं म्हणणं, आधीच वीज मागितली होती, आता अजून काय मागायचं? आणि त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, भावाला फोन नाही केलास? खरं म्हणजे गाठ तिथंच होती.

कारण वस्फीचा फोन मध्ये आला होता. "कुठं आहेस?"

"नाऊरला पोचतेय," ती म्हणाली. नाऊर चढाच्या पार वर, अम्मानच्या वेशीवर.

"गाडी ठीक आहे ना?"

"ठीक आहे. तिला काय झालंय?"

तो म्हणाला, "बरं. ये लवकर."

ती दर थोड्या वेळानं उठून खिडकीशी जायची, गाडीचा निळा दिवा लुकलुकताना बघायची. उम्म हायिलला वाटलं पोरीला गाडीची फार काळजी. तिनं हात धरून बसवलं. तास गेला, आणि शेळी शिजायला त्याहून जास्त वेळ लागतो. निघते म्हणाली तर म्हातारा दारात उभा. "पाहुणी माझ्या घरून उपाशी गेली तर मी लोकांना तोंड काय दाखवू? दोन घास खा." मन्सफचं ताट आलं, भात, वर मटण, वर गरम दह्याचा रस्सा. तिनं उजवा हात पुढे केला आणि फोन वाजला.

वस्फी फक्त "ताई," म्हणाला.

हियाम उठली. बुटाचे बंद न बांधता बाहेर गेली, गाडीच्या तोंडातली वायर ओढून अंगणात तशीच टाकली आणि गेली. उम्म हायिल म्हणाली, आम्ही दोघं ताटाकडे बघत राहिलो. तिचं बोट भाताला लागलंसुद्धा नव्हतं. म्हाताऱ्याला वाटलं आपल्या हातून काही अपमान झाला. तो त्या दिवशी जेवला नाही.

गाडी दवाखान्यापर्यंत नीट पोचली. बॅटरी उरलीसुद्धा.

हाज्जाच्या तोंडावरून चादर ओढून झाली होती. कलमा वस्फीनं म्हटला होता. घाईनं म्हटला की सावकाश, ते मी विचारलं नाही. हियामनं खरं सांगून टाकलं, चढावर गाडी बसली होती म्हणून. वस्फीनं तिच्याकडं बघितलं. "मग?" म्हणाला. "भरली का तुझी गाडी?"

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. दफन झालं, दुखवटा सुरू झाला, घरात पै-पाहुणे, आणि भाऊबहीण एकाच दारातून आत-बाहेर करताना एकमेकांकडं बघत नाहीत. बायकांत कुजबूज सुरू झाली, आईनं डोळे दाराकडं लावून जीव सोडला म्हणे, आणि ही बया कुठंतरी शेळीचं मटण खात बसली होती. एकीला मी तिथल्या तिथं झापलं. पण किती जणींची तोंडं धरणार?

तिसऱ्या दिवशी बायका वर घरात होत्या आणि पुरुष खाली गल्लीत घातलेल्या मांडवात. मी आणि हियाम स्वयंपाकघरात कप विसळत होतो. खिडकी उघडी होती, तीच, जिच्यातून ती वायर सोडायची. खाली एक पिकअप येऊन थांबला. हियामच्या हातातला कप पाण्यात पडला.

अबू हायिल दोन म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन आला होता. ती शूनाला शिकवते एवढं तिनं बोलता बोलता सांगितलं होतं, म्हणून वायर द्यायला त्यानं मुलाला शाळेत पाठवलं, तिथं पहारेकऱ्यानं त्याला आईचं, भावाच्या अबोल्याचं, बायांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. वायर आता म्हाताऱ्याच्या हातात होती, धुऊन, नीट गुंडाळून, पिशवीत घालून. तो मांडवात सगळ्यांना सलाम करून बसला. वस्फीनं स्वतः त्याला दुखवट्याची कडू कॉफी दिली. म्हाताऱ्यानं कप घेतला आणि न पिता समोर खाली ठेवला.

दुखवट्यात असं कुणी करत नाही.

वस्फी गोंधळला. मग रीतीप्रमाणे म्हणाला, "बोला काका."

"बेटा, तुझी बहीण माझ्या घरात पाहुणी होती," अबू हायिल म्हणाला. आवाज खणखणीत होता, वर प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "तिचं काळीज जळत होतं आणि मी शेळी कापत बसलो. दारात माझी गाडी उभी होती. मी तिला एका शब्दानं विचारलं नाही. माझ्या घरात तिला कुणीच विचारलं नाही. गुन्हा माझा आहे. तुझ्या मनात तिच्याबद्दल जे काही असेल ते माझ्या मानेवर टाक, तिला मोकळं कर. तू हो म्हणेस्तोवर मी ही कॉफी पिणार नाही."

मी हियामकडे बघितलं. तिचे ओले हात तसेच पुढं धरलेले होते, पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"उम्म लैस," ती अगदी हळू म्हणाली, "त्यांच्या बायकोनं विचारलं होतं. आई कशी आहे म्हणून विचारलं होतं मला. मी म्हटलं बरी आहे."

"माहितेय मला."

"ते खोटं बोलताहेत. माझ्यासाठी. मी खाली जाऊन सांगू?"

मी तिचा दंड धरला. काय सांगणार होती ती? चार माणसांत त्या म्हाताऱ्याचा शब्द खाली पाडणार? त्यानं मान पुढं केली होती, ती मागं कशी ढकलायची? "गप्प बस," मी म्हटलं.

ती गप्प बसली. खालून वस्फीचा आवाज आला. "कॉफी घ्या काका. झालं तुमचं काम."

म्हाताऱ्यानं कप उचलून तोंडाला लावला. हियाम खिडकीतून बघत होती, तो शेवटचा घोट घेईपर्यंत. मग ती वळली आणि पाण्यात पडलेला कप शोधायला लागली.